क्रूझची तयारी किनाऱ्यावरच करा

दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं, ही चर्चा घरात सुरू झाली की अलीकडे केरळ आणि राजस्थानच्या जोडीने क्रूझचं नावही हमखास निघतं. त्यामागे चांगलं कारण आहे. आजोबांचे गुडघे दुखतात, नातवाला दिवसभर पाण्यात डुंबायचंय, आईला चार दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही आणि बाबांना गाडी चालवायची नाही. तीन पिढ्यांच्या या सगळ्या मागण्या एकाच जागी पुऱ्या होतात. रोज नवं हॉटेल नाही, रोज बॅगा भरणं-उपसणं नाही. रात्री झोपायचं आणि सकाळी दुसऱ्या गावी उठायचं.

मात्र बोटीवरचा हा निवांतपणा किनाऱ्यावर केलेल्या तयारीवर उभा असतो. हॉटेलात काही विसरलं तर कोपऱ्यावर दुकान सापडतं. जहाजाची शिडी एकदा वर उचलली की औषधाचं दुकान नाही, झेरॉक्सवाला नाही आणि घरून कुणी काही आणून देईल अशी सोयही नाही. म्हणून क्रूझच्या बाबतीत विचार, चौकशी आणि धावपळ सगळी आधी करायची. ती कशी करायची, याची ही उजळणी.

सफर आणि मोसम

पहिल्यांदाच जात असाल तर दोन-तीन रात्रींची सफर घ्या. समुद्र आपल्याला मानवतो का, घरातल्या वडीलधाऱ्यांना केबिनमध्ये झोप लागते का, हे तेवढ्यात कळतं. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१पासून सफरी करतं आहे. गोवा, कोची, लक्षद्वीप हे त्याचे नेहमीचे मार्ग. बांधणी १९९०ची, म्हणजे हे आजच्या अजस्र जहाजांच्या मानाने मध्यम आकाराचं, जुन्या पठडीतलं जहाज आहे. परदेशी जहाजांच्या जाहिराती बघून अपेक्षा बांधू नका. नेमक्या याच जहाजाची छायाचित्रं आणि डेकचा नकाशा बघा.

अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो. त्या काळात जहाजं पश्चिम किनारा सोडून चेन्नईसारख्या पूर्वेकडच्या बंदरांतून सफरी करतात. आपल्या किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत शांत. शनिवार-रविवारच्या सफरींवर मित्रांचे मोठे गट आणि रात्री उशिरापर्यंत गाणं-बजावणं असतं. ज्येष्ठांना घेऊन जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांची सफर निवडा.

परदेशातली पहिली क्रूझ म्हणून मराठी कुटुंबं बहुधा सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची सफर घेतात. ती पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत अशा बंदरांना जाते. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत, एक मरिना बे इथे आणि दुसरं हार्बरफ्रंट इथे. आपलं कोणतं, हे तिकिटावर आधीच बघून ठेवा, कारण दोन्हींमध्ये बरंच अंतर आहे. भूमध्य समुद्रातल्या सफरींचा मोसम साधारण मे ते ऑक्टोबर आणि अलास्काचा मे ते सप्टेंबर असतो.

केबिन निवडताना

केबिनचे मुख्य प्रकार चार. खिडकी नसलेली आतली, समुद्राकडे बंद खिडकी असलेली, बाल्कनीची आणि स्वीट. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस की रात्र काही कळत नाही. ज्यांना गाढ झोप हवी त्यांना हे आवडतं, ज्यांचा जीव कोंडतो त्यांनी ती घेऊ नये. एकटक समुद्र बघत बसणं हीच ज्यांची हौस आहे त्यांनी बाल्कनीचे जादा पैसे जरूर मोजावेत.

दरापेक्षाही केबिनची जागा महत्त्वाची. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त हलतं, आणि जितकं वर जाल तितकी डोल वाढते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागावी. नकाशात आपल्या केबिनच्या वर-खाली काय आहे तेही तपासा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, आणि खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड ऐकू येते. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा सर्वांत शांत.

चौघांची केबिन म्हटली की त्यातले दोन पलंग बहुतेक वेळा भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणारे असतात आणि शिडीने चढावं लागतं. आजी-आजोबांना अशा केबिनमध्ये घालू नका. त्यांना शेजारची वेगळी केबिन, आणि शक्यतो लिफ्टजवळची घ्या. अनेक जहाजांवर साध्या केबिनच्या न्हाणीघराला उंच उंबरा असतो. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, सपाट फरशीच्या केबिन असतात, पण त्या मोजक्या असल्याने आरक्षण करतानाच मागाव्या लागतात.

तिकिटाबाहेरचा खर्च

जाहिरातीतला आकडा हा खर्चाचा पहिला टप्पा असतो. मुख्य भोजनगृह, बुफे, रंगमंचावरचे बहुतेक कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव तिकिटात येतात. बंदर शुल्क आणि कर कधी आत असतात, कधी वेगळे. मद्य, शीतपेयं, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, स्पा, छायाचित्रं, बंदरावरच्या सहली आणि दवाखाना यांचे पैसे जवळजवळ नेहमीच निराळे. अनेक कंपन्यांचा असाही नियम असतो, की केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही ते घ्यावंच लागतं. घरात एकच जण पिणारा असेल तर हे गणित आधी मांडा.

टिपचा मुद्दा अनेकांना शेवटच्या दिवशी धक्का देतो. बऱ्याच अमेरिकी कंपन्या माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर सेवा शुल्क आपोआप खात्यावर टाकतात, आणि त्यात लहान मुलंही धरलेली असतात. चौघांचं कुटुंब, चार रात्री आणि दर १८ डॉलर धरला तर २८८ डॉलर झाले. हे पैसे केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या माणसांच्या कमाईचा भाग असतात. ते चुकवायचे नाहीत, पण अंदाजपत्रकात मात्र आधीपासून धरायचे.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि शेवटी तुमच्या बँकेच्या कार्डातून वळता होतो. इथे क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलं तर कंपनी अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवते, आणि ती मोकळी व्हायला बरेच दिवस लागू शकतात. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालण्याची सोय स्वागतकक्षात बहुधा असते. ती पहिल्याच दिवशी करून घ्या.

परदेशी सफरीचं पॅकेज भारतातल्या एजंटाकडून घेतलं तर त्यावर टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा कर) आकारला जातो. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, म्हणून पावती जपून ठेवा. सफर रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के पैसे परत मिळतात, हा तक्ताही पैसे भरण्यापूर्वी वाचा. हवामान बिघडलं तर एखादं बंदर गाळण्याचा अधिकार कॅप्टनला असतो. अशा वेळी सहसा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं, तिकिटाचे पैसे नाहीत.

कागदपत्रं

देशांतर्गत सफरीलाही छायाचित्र असलेलं मूळ सरकारी ओळखपत्र लागतं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. तान्ह्या बाळासह प्रत्येक मुलाचं स्वतंत्र ओळखपत्र किंवा जन्मदाखला बरोबर असू द्या. लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देत असेल तर कोणती कागदपत्रं कधीपर्यंत पाठवायची, हे लेखी विचारून घ्या.

आपल्याकडे नावांचा घोळ फार होतो. आधारवर मधलं नाव, पासपोर्टवर ते नाही, बँकेत माहेरचं आडनाव आणि तिकिटावर सासरचं. तिकीट काढताना जे ओळखपत्र नेणार आहात त्याच्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच द्या.

परदेशी सफरीला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. जहाज ज्या ज्या देशात थांबणार त्या प्रत्येक देशाचा व्हिसा नियम तपासा. तुम्ही तिथे खाली उतरणार नसलात तरी तो लागू होऊ शकतो. जहाज एखाद्या देशातून निघून पुन्हा तिथेच परततं तेव्हा तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. ग्रीसच्या बेटांच्या सफरीत तुर्कस्तानातलं कुशादासी बंदर असेल तर तुम्ही शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडून पुन्हा आत येता. एकच प्रवेश असलेला शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही. सिंगापूरला जाणाऱ्यांनी तिथलं आगमन पत्र सरकारी संकेतस्थळावर भरावं. ते पोहोचण्याच्या तारखेसह आधीच्या तीन दिवसांत भरता येतं आणि पूर्णपणे मोफत असतं. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. क्रूझ संपवून सिंगापुरात परत उतरतानाही ते नव्याने भरावं लागतं.

प्रकृती, औषधं, विमा

‘मला बोट लागेल का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात, ते डोल बरीच कमी करतात. शांत मोसमात पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. तरी ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी तयारीत राहावं. कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल नोंदवतो आणि डोळ्यांना मात्र केबिनच्या स्थिर भिंती दिसतात. या विसंगतीमुळे मळमळ होते. म्हणून त्रास सुरू झाला की केबिनमध्ये पडून मोबाइल बघत बसू नका. मोकळ्या डेकवर या आणि दूरवरच्या क्षितिजावर नजर ठेवा. पोट रिकामं ठेवू नका, तेलकट खाऊ नका. आलेपाक किंवा आल्याची वडी खिशात असू द्या. मळमळीवरची गोळी त्रास वाढल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, ती आधीच घ्यावी लागते. या गोळ्यांनी झोप येते, त्यावर मद्य चालत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

नेहमीची औषधं सफरीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची जास्त घ्या, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सिंगापूरसारख्या देशात कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि काही झोपेच्या गोळ्या नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. इन्सुलिनसाठी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भरवसा ठेवू नका, तो पुरेसा थंड नसतो. औषधाच्या फ्रिजची मागणी आधी नोंदवा. डायलिसिस, ऑक्सिजन, चाकाची खुर्ची यांचंही तसंच.

गर्भवती महिलांना बहुतेक मोठ्या कंपन्या सफर संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होत असतील तर घेत नाहीत. बाळांसाठी किमान वय साधारण सहा महिने, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींसाठी एक वर्ष असतं. आरक्षणाआधी विचारा, कारण धक्क्यावर कुणी सवलत देत नाही.

जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तो खासगी दराने चालतो. गंभीर रुग्णाला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर हलवावं लागलं तर खर्च प्रचंड येतो. आपल्या नेहमीच्या मेडिक्लेमचं संरक्षण बहुधा भारतापुरतं असतं. परदेशी सफरीसाठी प्रवास विमा घ्या. त्यात क्रूझचा स्पष्ट उल्लेख, तातडीने हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनच्या आजारांचं संरक्षण आहे का, ते बघा. रक्तदाब आणि मधुमेह अर्जात लपवू नका. दावा फेटाळला जाण्याचं ते अगदी सोपं निमित्त ठरतं.

बॅगेत काय असावं, काय नसावं

समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीही नसते, आणि नियम त्यातूनच आले आहेत. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, छोटा राइस कुकर, मेणबत्ती, अगरबत्ती, निरांजन यांपैकी काहीही चालत नाही. रोजच्या पूजेचा नेम असेल तर छोटी तसबीर न्या, दिव्याशिवाय हात जोडा. एक्स्टेंशन बोर्ड आणि चाकूही तपासणीत काढून घेतात. ड्रोनवर बहुतेक जहाजांवर बंदी असते. बाहेरचं मद्यही बहुधा काढून घेतलं जातं.

घरी केलेले पदार्थ आणि कापलेली फळं सहसा आत नेऊ देत नाहीत. चिवडा, भाकरवडी यांची कारखान्यात बंद केलेली पाकिटं बऱ्याच जहाजांवर चालतात. मात्र ती बंदरावर खाली नेताना तिथले नियम पाळा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू लपवून नेली तर मोठा दंड होतो. फराळाच्या डब्यात अनारसे असतील तर खसखस आठवा. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातींत खसखशीवर कडक निर्बंध आहेत. सिंगापुरात खायचा तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट आणि च्युइंगमही नेता येत नाही. घरातल्या मोठ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्यांचे खिसे-पिशव्या आधी तपासा.

कपडे थोडेच पण नेमके घ्या. आतलं वातानुकूलन चांगलंच गार असतं, म्हणून प्रत्येकाला एक शाल किंवा स्वेटर. ओल्या डेकवर न घसरणारी पादत्राणं. तलावात उतरायला नायलॉनचा पोहण्याचा पोशाख, कारण सुती कपड्यांत आत सोडत नाहीत. एखाद्या रात्री समारंभाचा पोशाख अपेक्षित असतो. त्यासाठी सूट विकत घेण्याची काही गरज नाही, पैठणी किंवा कुर्ता आणि नेहरू जाकीट जगातल्या कोणत्याही जहाजावर शोभून दिसतं.

काही छोट्या वस्तू मोठं काम करतात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यावर लोहचुंबकाचे हुक चिकटतात आणि ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगायची सोय होते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ११० व्होल्टची सॉकेटं असतात, तेव्हा ॲडॉप्टर घ्या आणि चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. परदेशी जहाजांच्या शौचालयात जेटची सोय बहुधा नसते, एक रिकामी बाटली किंवा छोटा मग बरोबर असू द्या. ही शौचालयं हवेच्या दाबाने ओढणारी असतात. त्यात ओले टिश्यू किंवा सॅनिटरी पॅड टाकलं तर आजूबाजूच्या केबिनचीही शौचालयं तुंबतात.

शाकाहारी, जैन किंवा उपवासाच्या जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करा, आणि चढल्यावर पहिल्या जेवणाला भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. सफरीत एकादशी किंवा चतुर्थी येते का, हे कॅलेंडरात बघून ठेवा. फळं, दही, उकडलेला बटाटा मिळतो. साबुदाण्याच्या खिचडीची मात्र खात्री धरू नका.

चढण्याचा दिवस

परदेशी बंदरावरून सफर असेल तर विमानाने आदल्या दिवशीच पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. मुंबईची सफर बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलवरून सुटते. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीचा धक्का’ म्हणालात तर तो मांडव्याच्या रो-रोसाठी भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडेल. पुणे, नाशिकहून येणाऱ्यांनी सकाळच्या वाहतुकीचा हिशेब धरून निघावं. ऑनलाइन चेक-इन घरूनच करा आणि मिळालेल्या वेळेतच जा.

टर्मिनलच्या दारात हमाल मोठ्या बॅगांना केबिन क्रमांकाची पट्टी लावतो आणि बॅगा पट्ट्यावरून आत जातात. नेमक्या याच क्षणी पुष्कळ कुटुंबं फसतात. आजीची गोळ्यांची डबी, मुलांचे पोहण्याचे कपडे, चष्मा आणि चार्जर मोठ्या बॅगेत असतात. ती बॅग केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उलटते. तोवर तलावाच्या काठाशी जीन्समध्ये उभी असलेली नातवंडं आणि जेवणाआधीच्या गोळीसाठी स्वागतकक्षापाशी खोळंबलेली आजी, असं दृश्य दिसतं. उपाय सोपा आहे. एक हातातली पिशवी वेगळी ठेवा. तीत कागदपत्रं, दिवसभराची औषधं, दागिने, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे असावेत.

जहाजावरची शिस्त

केबिनमध्ये गेल्यावर पहिलं काम म्हणजे दाराच्या मागचा सुरक्षेचा नकाशा वाचणं. आणीबाणीत कुठे जमायचं ते ठिकाण तुमच्या कार्डावरही असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा आणीबाणीचा इशारा जगभर सारखाच आहे. मुलांकडूनही तो पाठ करून घ्या.

आणीबाणीच्या सरावाचा कंटाळा करू नका. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव अजून झालेला नव्हता. तेव्हाच्या नियमानुसार तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच सराव सक्तीचा झाला. आजच्या त्या पंधरा मिनिटांमागे ही किंमत आहे. जीवरक्षक जाकीट कुठे आहे, ते बांधायचं कसं, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला जिन्याने कोण नेणार, हे त्या पंधरा मिनिटांत ठरवून टाका. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत.

बुफेला जाण्याआधी हात साबणाने वीस सेकंद धुवा. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, साबण-पाण्याने मात्र धुऊन जातो. त्रास झालाच तर लपवू नका, दवाखान्यात कळवा.

किनारा दूर गेला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाही तर तो जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी आल्यावर समजतं. घरच्यांशी बोलणं गरजेचं असेल तर वायफायचं पॅकेज घ्या. फोन बंद असताना एकमेकांना शोधण्यात वेळ जातो, म्हणून भेटण्याची एक जागा आणि वेळ रोज सकाळी ठरवा.

मुलांना बाल्कनीत एकटं सोडू नका, कठड्याजवळ खुर्ची ठेवू नका. अनेक जहाजांच्या तलावावर जीवरक्षक नसतो, पाण्याशेजारी घरातलं एक मोठं माणूस हवंच. डायपर घातलेल्या बाळांना मुख्य तलावात सोडत नाहीत. आणि कुणीही काहीही समुद्रात टाकायचं नाही. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने सर्वत्र बंदी आहे.

बंदरावर उतरताना

खाली उतरण्यापूर्वी दोन गोष्टी बघा, परत चढण्याची अंतिम वेळ आणि जहाजावरचं घड्याळ. परदेशात स्थानिक वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. जहाज सुटायच्या बरंच आधी शिडी बंद होते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर कंपनी जबाबदारी घेते. स्वतंत्र टॅक्सी करून गेलात तर ती जबाबदारी तुमची, म्हणून हाताशी किमान दोन तास राखून परता.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर, आणि कळंगुट, बागा त्याच्याही पलीकडे. मिळालेल्या थोड्या तासांत उत्तरेकडच्या किनाऱ्यांची हाव धरली तर सगळा वेळ रस्त्यात जातो. कुलदैवताचं दर्शन घ्यायचं असेल तर मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा एका फेरीत होतात, वेळ उरला तर जुने गोवे. देवळांत अर्धी चड्डी चालत नाही, हे केबिनमधून निघतानाच लक्षात ठेवा. मुंबईसारख्या ॲपच्या टॅक्सी गोव्यात सहज मिळत नाहीत, गाडी आधी ठरवून ठेवा.

लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने बेटावर जावं लागतं. ही बदली नीट समजून घ्या. छोटी बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. दारात उभा असलेला खलाशी तुमचं मनगट धरतो, बोट वर येऊन क्षणभर स्थिर झाली की ‘आता’ म्हणतो, आणि तेव्हा एक पाऊल पुढे टाकायचं. उडी मारायची नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच्या पिशवीत. गुडघ्यांचा किंवा तोलाचा त्रास असलेल्यांनी खलाशाला आधी सांगावं, आणि समुद्र हलता असेल तर हट्ट करू नये. बेटावर प्रवाळाचा तुकडा कितीही सुंदर दिसला तरी उचलू नका. प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि प्रवाळ बाळगणं गुन्हा आहे. पाण्यात उभं राहून दमलात तरी प्रवाळावर पाय देऊ नका. तो जिवंत असतो आणि अतिशय सावकाश वाढतो.

परतीचा दिवस

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी उद्या घालायचे कपडे, औषधं आणि कागदपत्रं बाजूला काढा. खात्याचा हिशेब रात्रीच तपासा. चुकीची नोंद असेल तर सकाळी स्वागतकक्षापुढे लांब रांग लागण्याआधी ती दुरुस्त होते. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या. जमिनीवर आल्यावर एक-दोन दिवस डुलल्यासारखं वाटू शकतं. ते बहुधा आपोआप जातं, पण फार दिवस टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात वेळापत्रक

• तीन महिने आधी : पासपोर्टची वैधता, व्हिसा, केबिनची जागा, विशेष सोयींची मागणी, जेवणाची नोंद.
• एक महिना आधी : विमा, लक्षद्वीपच्या परवान्याची कागदपत्रं, डॉक्टरांचा सल्ला.
• एक आठवडा आधी : ऑनलाइन चेक-इन, औषधं, नावांची पडताळणी, बंदरावरच्या गाड्या.
• आदल्या दिवशी : हातातली पिशवी, बॅगांच्या पट्ट्या, कागदपत्रांच्या छायाप्रतींचा एक संच घरी.

ही यादी घरातल्या एकाच माणसाच्या माथी मारू नका. बहुतेक घरांत ती आईवर येते आणि सहलीची सुरुवातच तिच्या दमणुकीने होते. कागदपत्रं एकाकडे, औषधं दुसऱ्याकडे, मुलांच्या वस्तू मुलांकडे अशी वाटणी करा. सफरीवर सुट्टी सगळ्यांची असते, तेव्हा तयारीही सगळ्यांनी मिळून करावी.